आपल्या हाताने लागणारा हूक



या अंकाचे संपादकीय हुकावर लिहायचे ठरले तेव्हा मंडळातल्याच काही जणींनी विचारले, की हिंसा, जमीन, रोजगार, आरोग्य असे प्रश्न समोर असताना पोलक्याच्या हुकावर काय लिहायचे? प्रश्न रास्त आहे. पण बाईच्या आयुष्यातल्या कितीतरी गोष्टी ‘एवढेसे काय ते’ म्हणून बाजूला टाकल्या जातात आणि नेमक्या तिथेच तिचे परावलंबन मुरते, हे आपण आजवर अनेकदा पाहिले आहे. पाण्याची घागर, स्वयंपाकाचा धूर, शौचालयाची कडी या गोष्टीही कधीकाळी ‘एवढ्याशा’ होत्या. म्हणून यावेळी नखाएवढ्या तारेच्या तुकड्याकडे नीट पाहू या.

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या वाड्या-वस्त्यांवर बैठकीला बसलेल्या बायकांच्या हातांकडे एकदा लक्ष द्या. बांगडीत दोन-तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. कुणाच्या मंगळसूत्रात असतात. पायात काटा रुतला तर पिन, पदर सरकला तर पिन, आणि पोलक्याचा हूक तुटला तरी पिनच. वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर सहा-सहा महिने जाणाऱ्या कातकरी बाईचे पोलके तर बरेचदा एक-दोन हूक आणि उरलेल्या पिना यांवरच तग धरून असते. हूक तुटला म्हणून शिंप्याकडे जायला तिला ना वेळ असतो ना पैसा. पिन टोचते, मूल अंगावर पिताना तर जास्तच जपावे लागते. तरी ती चालवून घेते. चालवून घेणे हे बाईचे काम आहे असे आपण सगळ्यांनीच गृहीत धरले आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या चोळीला हूक नव्हता. खणाच्या चोळीची दोन टोके पुढे छातीखाली गाठीने बांधत. गाठ स्वतःच्या हाताने मारता येई, सैल-घट्ट करता येई, मुलाला पाजायला सोडता येई. त्या गाठीला काही कौतुकाने मिरवायची गरज नाही. त्याच काळात अनेक ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेला चोळी घालायचीच मुभा नव्हती. अंगावर आलवण आणि त्याचाच पदर, एवढ्यावर तिने आयुष्य काढायचे. तिकडे दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात नाडर बायकांनी छाती झाकली म्हणून त्यांचे कपडे फाडले गेले, दंगे झाले. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर १८५९ साली तिथल्या राजाने त्यांना अंग झाकण्याची परवानगी दिली, तीही वरच्या जातीच्या बायकांसारखे वस्त्र घ्यायचे नाही अशा अटीवर. बाईने अंगावर काय घालायचे, किती झाकायचे, हे ठरवणारे हात कायम दुसऱ्याचेच राहिले, मग ते जातीचे असोत वा घरातल्या कर्त्यांचे. तेव्हा चोळीची गाठ किंवा पोलक्याचा हूक ही केवळ शिंप्याच्या दुकानातली बाब नाही.

या संदर्भात युरोप-अमेरिकेतल्या कॉर्सेटची गोष्ट माहीत करून घेण्यासारखी आहे. कॉर्सेट म्हणजे कंबर आणि छाती आवळून धरणारी कडक काचोळी. कापडाच्या थरांमध्ये देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्ट्या, पुढे पोलाद घालत आणि पाठीवर नाडी ओवत. समोरच्या बाजूला छातीपासून पोटापर्यंत एक सरळ, अखंड पट्टी असे. समोर काहीच उघडत नसल्यामुळे घालताना आणि काढताना पाठीची नाडी ओढायला किंवा सोडायला बहुधा दुसरे माणूस लागे. श्रीमंत बाईला मोलकरीण होती. गरीब बाईला बहीण, शेजारीण, नाहीतर नवरा. स्वतःच्या अंगावरचा कपडा उतरवायलाही कुणाची तरी वाट पाहायची!

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यात एक बदल रुळला. समोरची अखंड पट्टी मधोमध उभी दुभागली. एका पट्टीवर धातूच्या छोट्या खुंट्या बसवल्या आणि दुसरीवर त्या खुंट्या अडकतील अशा चपट्या कड्या. पाठीची नाडी जरा सैल केली, की समोरच्या खुंट्या एकेक करून आपल्याच हाताने अडकवता आणि सोडवता येऊ लागल्या. चार-पाच खुंट्या आणि तेवढ्याच कड्या, याहून जास्त काही त्यात नव्हते. पण त्यामुळे बाई कुणाला हाक न मारता कपडे घालू-काढू लागली.

म्हणजे या कडीने बाईला मुक्त केले का? तसे म्हणता येणार नाही. कॉर्सेट होता तिथेच राहिला. उलट मोलकरीण नसलेल्या बायकांनाही तो वापरणे सोपे झाले, कारखान्यांतून तो ढिगाने निघू लागला आणि कामकरी बायकांच्या अंगावरही चढला. बरगड्या दाबणे, श्वास कोंडणे, हे सारे चालूच राहिले. त्याविरुद्ध बायकांना वेगळे लढावे लागले. १८८१ साली लंडनमध्ये पोशाख-सुधारणेसाठी एक संस्था स्थापन झाली. बाईच्या आतल्या कपड्यांचे एकूण वजन सात पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोंपेक्षा जास्त नसावे, अशी तिची मागणी होती. सव्वातीन किलो ही त्यांची कमाल मर्यादा होती, यावरून त्याआधी बायका अंगावर किती ओझे वागवत असतील याची कल्पना करा.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. साधन सोपे झाले म्हणून बंधन आपोआप सुटत नाही. पण बंधन आहे तोवर साधन कसेही चालेल, असेही नाही. ज्या बाईला कपडा घालायचाच आहे, तिला तो स्वतःच्या हाताने घालता-काढता यावा हा तिचा हक्क आहे. व्यवस्था बदलण्याची लढाई आणि आजचा दिवस सुसह्य करण्याची लढाई, या दोन्ही आपण एकाच वेळी लढत आलो आहोत.

आणखी एक गोष्ट. या साऱ्या वस्तू पुरुषांनीच घडवल्या, हा समज खरा नाही. १८५१ साली लंडनच्या प्रचंड औद्योगिक प्रदर्शनात रॉक्सी कॅप्लिन या बाईला तिने रचलेल्या कॉर्सेटसाठी पदक मिळाले होते. शरीराच्या रचनेचा अभ्यास करून कपडा बेतला पाहिजे, असा तिचा आग्रह होता. १८९३ साली अमेरिकेत मेरी ट्यूसेक हिने छातीला आधार देणाऱ्या वस्त्राचे पेटंट घेतले. त्यात दोन स्वतंत्र कप्पे होते, खांद्यावर पट्टे होते आणि बंद करायला हूक होते. आज आपण जिला बॉडी किंवा ब्रेसियर म्हणतो तिचीच ती आधीची रूपरेषा. पुढे १९१४ मध्ये मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने दोन रुमाल आणि फीत जोडून केलेल्या अशाच वस्त्राचे पेटंट मिळवले आणि काही वर्षांनी ते एका कॉर्सेट कंपनीला १५०० डॉलरना विकून टाकले. धंदा पुढे कंपनीने केला. कल्पना बाईची, गरज बाईची, शिवणारे हात बाईचे आणि नफा मात्र तिसऱ्याच्या खिशात, ही गोष्ट आपल्याला अनोळखी नाही.

आता आपल्याकडे येऊ. गेल्या काही वर्षांत पाठीमागून हूक असलेल्या ब्लाऊजची चलती आहे. लग्नसराईत, विशेषतः आपल्या भागातल्या हळदी-समारंभांसाठी, मोबाईलवर चित्र दाखवून मागे खोल गळा, लटकन, पाठीवर हूक असे ब्लाऊज मुली हौसेने शिवून घेतात. हौसेला आमचा विरोध नाही. कोणती मुलगी काय घालते यावर नाक मुरडणाऱ्यांच्या रांगेत आम्हाला उभे राहायचे नाही. समारंभाच्या दिवशी बहिणी-मैत्रिणी एकमेकींचे हूक लावून देतात, त्यात गंमतही असते.

पण रोजच्या कपड्याचे काय? बाईला रोज कोणकोणत्या अवस्थेत हूक लावावा लागतो, याचा विचार शिवणारा करतो का? अंगावर पिणारे मूल घेऊन लावणीला गेलेली बाई बांधावर बसते, हात चिखलाने भरलेले, मूल रडते आहे, आणि दुसऱ्या हाताने मुलाला धरून एकाच हाताने तिला हूक काढायचा असतो. सांधे धरलेल्या आजीच्या बोटांत पातळ, बारीक हूक पकडण्याची ताकद नसते आणि तो नीट दिसतही नाही. अर्धांगवायूनंतर एक हात लुळा पडलेली बाई, यंत्रात बोटे गेलेली कामगार बाई, स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर कित्येक आठवडे हात वर किंवा मागे नेता न येणारी बाई, या साऱ्याजणी हुकापाशी अडतात. मग लेकीला हाक मारायची, सुनेला हाक मारायची. सून कामावर गेलेली असेल तर ती येईपर्यंत गाऊनवर बसून राहायचे, बाहेर पडणे टाळायचे. दवाखान्यात तपासणीला जायचे म्हटले, की तिथे ब्लाऊज काढावा लागेल आणि पुन्हा घालून कोण देईल, या एका विचाराने बायका तपासणी पुढे ढकलतात. घरात जिच्याशी धड बोलणे नाही तिच्याच हातून छातीवरचे हूक लावून घ्यावे लागणे यात किती संकोच असेल! अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सन्मानाने आणि स्वतंत्रपणे जगण्याबद्दल बोलतो. तो सन्मान सकाळी कपडे घालण्यापासूनच सुरू होतो.

एक प्रकारचा कॉर्सेट आपल्याकडेही घरोघरी पोचला आहे, तो दवाखान्याच्या वाटेने. वर्षानुवर्षे वाकून लावणी, कापणी, पाणी आणि ओझी वाहणे केलेल्या बाईची कंबर धरते आणि डॉक्टर कमरेचा पट्टा लिहून देतात. पट्ट्यासोबत वाकू नका, ओझे उचलू नका असा सल्लाही असतो. तो पाळणे तिच्या हातात नसते. म्हणून ती पट्टा बांधून पुन्हा कामाला जाते. पट्टा वेल्क्रोचा असेल तर त्याच्या काटेरी बाजूत सूत, केस, गवत, माती अडकत जाते आणि पकड सुटते. पट्टा शहरातल्या खुर्चीत बसणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून बेतलेला, वापरणारी मात्र शेतात. धातूची साधी कडी असलेला पट्टा निदान धुऊन पुसून पुन्हा वापरता येतो आणि कडी तुटली तर गावातला चांभारही ती बदलून देतो. कमरेवरचे ओझे कमी व्हावे यासाठी आपण बोलत राहूच. पण तोवर पट्टा तरी तिच्या कामाला जुळणारा असावा की नाही?

हुकाची रचना काही गहन विद्या नाही. शिवणकाम जाणणाऱ्या मैत्रिणींना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात लिहिते. हूक म्हणजे वाकवलेली तार. मागे शिवण्यासाठी दोन गोल कड्या, पुढे आत वळलेली चोच. समोरच्या पट्टीवर धातूची कडी नाहीतर दोऱ्याचे काज, ज्याला कुणी लूपही म्हणते. हूक ताणावर टिकतो. कापड दोन्हीकडून ओढले जात असेल तोवर चोच काजात बसून राहते, सैल पडले की निसटते. म्हणूनच ब्लाऊज फार सैल असेल तरी हूक सुटतात आणि फार घट्ट असेल तर तार सरळ होते किंवा काज तुटते. घाईत शिवताना हूक फक्त मागच्या दोन कड्यांपाशी टाकतात. मग ओढ बसली की चोच वर उचलली जाते. चोचीखाली मानेपाशीही दोन टाके घातले तर हूक कापडाला चिकटून राहतो. मधला एखादा हूक उलट्या दिशेने लावला तर बाकीचे सहजी सुटत नाहीत, ही युक्ती अनेक जुन्या शिंप्यांना ठाऊक असते. कोकणातल्या दमट हवेत हलक्या लोखंडी हुकाला गंज चढतो आणि कापडावर तांबडे डाग पडतात. पितळेचा किंवा न गंजणाऱ्या पोलादाचा हूक थोडा महाग पडतो, पण कपड्याइतका टिकतो.

यावरून रोजच्या कपड्याचा हूक कसा असावा हे आपणच ठरवू शकतो. तो पुढच्या बाजूला असावा. एका हाताने लागावा आणि निघावा. न पाहता नुसत्या बोटांना सापडेल एवढा मोठा असावा, त्यासाठी सहा बारीक हुकांऐवजी तीन-चार ठसठशीत हूक पुरतील का, ते करून पाहावे. गंजू नये, टोचू नये. तुटला तर घरच्या सुई-दोऱ्याने बदलता यावा. ज्या आजीच्या बोटांना चोच पकडता येत नाही, तिच्यासाठी पॅंटला असतो तसा चपटा, रुंद हूक लावता येतो. टिच बटण वेल्हाळ दिसते, पण ओढ बसली की फट्‌कन उघडते आणि बंद करायला अंगठ्याचा जोर लागतो, तेव्हा ते सगळ्यांनाच चालेल असे नाही. हे सारे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. लागते ते एवढेच, की घालणारीला आधी विचारायचे.

आता हुकाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बाईकडे वळू. हूक लावते कोण? ब्लाऊज बेततो आणि मशीनवर शिवतो तो बहुतेक दुकानाचा मालक, कधी बाई, कधी पुरुष. पण हूक-काज आणि हातशिलाईचे गठ्ठे संध्याकाळी घरोघरी जातात. पेण शहराच्या गल्ल्यांत आणि रोह्याच्या चाळींत स्वयंपाक उरकून, मुलांना जेवू घालून, ट्यूबलाइटखाली मान खाली घालून बसलेल्या बायका हे काम करतात. लग्नसराईत रात्री बारा-एकपर्यंत करतात. नगावर पैसे. सुई-दोरा बरेचदा स्वतःचा. हूक वाकडा निघाला तर बदलायचा खर्चही तिच्याच माथी. डोळे दुखतात, मानेत कळ येते. तिला कुणी कामगार म्हणत नाही, तीही स्वतःला कामगार म्हणवून घेत नाही. घरी बसून चार पैसे मिळतात, एवढेच ती म्हणते.

हे ‘बसून’ किती असते, याचा हिशेब आपण एकदा मांडू या. समजा एका ब्लाऊजला सहा हूक आणि सहा काजे. एका हुकाला दोन मिनिटे आणि एका काजाला दोन मिनिटे धरली तर झाली चोवीस मिनिटे. त्यात हातशिलाई धरलेलीच नाही. असे दहा ब्लाऊज म्हणजे चार तास, अर्धा दिवस. आता त्या दहा ब्लाऊजांचे तुमच्या हाती किती पडतात ते लिहा आणि अर्ध्या दिवसाच्या किमान वेतनाशी ताडून पाहा. आकडे आम्ही देत नाही, तुम्हीच घड्याळ लावून मोजा. ज्या बायकांनी आजवर वेळ मोजलीच नाही, त्यांनी ती मोजणे हीच पहिली पायरी आहे.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांशी तुलना करून पाहण्याजोगी आहे. तिथे मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, रंगवली जाते, पण डोळ्यांची आखणी हे काम वेगळे मानतात. ते करणाऱ्याला नाव असते, मान असतो, आणि हंगामात त्याची वाट पाहिली जाते. डोळे आखल्याशिवाय मूर्ती पुरी होत नाही हे सगळ्यांना पटलेले आहे. मग हुकाशिवाय ब्लाऊज पुरा होतो का? हूक-काज न केलेला ब्लाऊज गिऱ्हाइकाच्या हाती देता येत नाही. तरीही शिलाईच्या बिलात हुकाची वेगळी ओळ नसते. ते काम शिलाईत धरलेले असते आणि करणारी कशातच धरलेली नसते. कौशल्याला मोल येते ते कौशल्याच्या अंगच्या गुणाने, असे आपल्याला सांगितले जाते. प्रत्यक्षात करणारा कोण आहे आणि तो कुठे बसून करतो, यावरही ते मोल ठरते.

कायदा या बाबतीत अगदी मुका नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने नगावर काम करणाऱ्यांनाही वेळेच्या किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळू नये हे तत्त्व मांडले होते आणि आता त्या कायद्याची जागा घेतलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहे. घरी बसून दुसऱ्यासाठी माल तयार करणाऱ्यांची व्याख्या २००८ च्या असंघटित कामगार कायद्यात आली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरखेप कामगारांसाठी स्वतंत्र करार केला. इतर कामगारांना मिळते तशीच वागणूक घरून काम करणाऱ्यांना मिळावी, असे तो म्हणतो. तो व्हावा म्हणून झटणाऱ्यांत अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेच्या बायका पुढे होत्या. पण भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. कागदावर ओळख आहे, पण चाळीतल्या ट्यूबलाइटखाली ती पोचलेली नाही. मालक कोण, हेच सांगता येत नसेल तर वेतन मागायचे कुणाकडे? दुकानदार म्हणतो मी गठ्ठा दिला, मजूर ठेवली नाही. इथे एकट्या बाईचे काही चालत नाही. एका गल्लीतल्या दहा जणींनी मिळून दर ठरवला तर चालते.

शेवटी शिवणवर्गांविषयी. बायकांसाठी काहीतरी करायचे म्हटले की शिलाई मशीन आणि शिवणवर्ग, ही आपल्याकडची जुनी रीत. सरकारी योजना असो, बचतगट असो, पुढाऱ्याचा वाढदिवस असो, मशीनचे वाटप ठरलेले. २०२३ पासून सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांतही शिंपीकाम आहे. मशीन मिळाली तर वाईट नाही. पण वर्गात काय शिकवतात? माप घेणे, बेतणे, शिवणे, आणि शेवटी हूक-काज ‘घरी करून आणा’. हाती आलेल्या नमुन्याबरहुकूम शिवायला शिकवतात. नमुना असाच का, वेगळा का नाही, हा प्रश्न विचारायला शिकवत नाहीत. मालाचा खर्च किती, आपल्या तासाचा दर किती, हा हिशेबही शिकवत नाहीत. एका गावात पंधरा जणी तेच ब्लाऊज शिवायला शिकल्या की एकमेकींचे दर पाडतात आणि वर्षभरात निम्म्या मशिनी झाकून ठेवलेल्या दिसतात. दोष त्या बायकांचा नाही. त्यांना हात वापरायला शिकवले, डोके वापरायची मुभा दिली नाही.

म्हणून आम्ही असे सुचवतो, की या तिमाहीत पेण आणि रोह्यातल्या आपल्या गटांनी आणि शिवणवर्ग चालवणाऱ्या मैत्रिणींनी तीन कामे करावीत. पहिले, आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या, आजारी, अपंग आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना विचारावे, की कपड्याचा कोणता भाग त्यांना स्वतः लावता येत नाही. त्यांच्यासमोर दोन-तीन प्रकारचे हूक ठेवावेत, त्यांच्याच हातांनी लावून पाहू द्यावेत आणि त्या म्हणतील तसा एक नमुना शिवावा. दुसरे, हूक-काज करणाऱ्यांनी आठवडाभर वेळ आणि पैसे वहीत लिहावेत आणि गटात एकत्र वाचावेत. तिसरे, शिलाईच्या बिलावर ‘हूक-काज’ अशी वेगळी ओळ घालण्याचा आग्रह गिऱ्हाईक म्हणून आपणच धरावा. आपण ब्लाऊज शिवायला टाकतो तेव्हा हूक कोण लावणार आणि तिला काय मिळणार, हे विचारायला किती वेळ लागतो? आपल्यातल्या नोकरदार, पगारदार मैत्रिणींनी तर हे आवर्जून विचारावे. बाईच्या स्वस्त श्रमावर आपलीही सोय उभी असते, याकडे डोळेझाक करून चळवळ पुढे जात नाही.

घालणारी आणि शिवणारी या दोघी बहुतेक वेळा एकाच गल्लीत राहतात. एकीला हूक लागत नाही आणि दुसरीला हुकाचे मोल मिळत नाही. दोघींना समोरासमोर बसवले तर चांगला हूकही निघेल आणि रास्त दरही. तुमच्या वह्यांतले हिशेब, तुम्ही करून पाहिलेले नमुने, फसलेले प्रयोगसुद्धा आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ते सगळ्याजणींसमोर ठेवू.

संपादक मंडळासाठी